विनिपेगला मुलांसकट येताय? मग सीएफएसबद्दल ऐकून ठेवा

नवीन आलेले सगळे मला स्नोबूट कुठे घ्यायचे ते विचारतात. सीएफएसबद्दल, म्हणजे बालसंरक्षण खात्याबद्दल, कुणी विचारत नाही. म्हणून मीच सांगते.

कॅनडात हे कायदे प्रांतागणिक बदलतात. ऑन्टॅरिओतल्या ब्रॅम्प्टनच्या आत्याचा सल्ला इथे चालेलच असं नाही. मूल घरी एकटं कधी ठेवायचं, याचं ठरावीक वय ऑन्टॅरिओच्या कायद्यात नाही. आपल्या मॅनिटोबाच्या, म्हणजे विनिपेगच्या प्रांताच्या, कायद्यात १२ वर्षं आहे. 'पटकन दूध घेऊन येते' हे कारण पुरत नाही.

धपाट्याचं म्हणाल, तर कॅनडाच्या सुप्रीम कोर्टाने २००४ मध्ये आईवडिलांना फार थोडी सूट ठेवली: मूल २ ते १२ वर्षांचं हवं, हातात पट्टी-लाटणं नको, डोक्याला हात नको. तुम्ही ती सूट विसरूनच जा. शंका आली की कळवणं शिक्षकांवर बंधनकारक असतं, त्यात आकस नसतो. माझ्या लेकीच्या पाठीवरची निळसर जन्मखूण पाहून, मारल्याचा वळ समजून डेकेअरवाल्या गप्पच झाल्या होत्या. आपल्याकडे बऱ्याच बाळांना ती असते. डॉक्टरांकडून फाइलमध्ये नोंदवून घ्या.

खात्याशी संबंध आलाच, तर चारपैकी कुठली अथॉरिटी हवी असं विचारतात: दोन फर्स्ट नेशन्सच्या (म्हणजे इथल्या मूळ रहिवासी समाजांच्या), एक मेटींची (मूळ रहिवासी आणि युरोपियन अशा मिश्र वंशाच्या समाजाची), एक जनरल. आपली मंडळी बहुतेक जनरल निवडतात. (जुन्या कायद्यांत 'इंडियन' दिसलं तर ते आपण नव्हे!) ही विभागणी उगाच नाही. इथल्या मूळ रहिवाशांची मुलं आधी सरकारने घरापासून तोडून निवासी शाळांत नेली, मग साठच्या दशकात गोऱ्या घरांत दत्तक दिली. कॅनडाच्या २०२१ च्या जनगणनेत १५ वर्षांखालच्या मुलांत ती ७.७ टक्के होती, पण फॉस्टर घरांतल्या, म्हणजे आईवडिलांपासून काढून दुसऱ्या कुटुंबात ठेवलेल्या, मुलांत ५३.८ टक्के. २०१९ च्या केंद्रीय कायद्याने त्यांच्या समाजांचा स्वतःचे बालकायदे करण्याचा हक्क मान्य केला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो कायदा उचलून धरला. आपल्याच प्रांतातल्या पेग्विस फर्स्ट नेशनने असा कायदा केला आहे.

दारात कुणी आलंच तर आवाज चढवू नका. नाव लिहून घ्या, दुभाषी मागा, लीगल एडला, म्हणजे सरकारी कायदेशीर मदतीला, फोन करा.

आणि ३० सप्टेंबरच्या आधी शाळेतून नारिंगी शर्टाची चिठ्ठी येईल. तो शर्ट निवासी शाळांत नेलेल्या त्या मुलांच्या आठवणीसाठीच घालतात. शर्ट ऑगस्टमध्येच घेऊन ठेवा, नंतर लहान मापं मिळत नाहीत.