के२८.५ दिसले म्हणजे लिंक जुळली असे नव्हे : ८बी/१०बी नियंत्रण चिन्हांबाबतच्या या चुका टाळा

वेगवान सिरियल लिंक पहिल्यांदा सुरू करताना बहुतेक जण रिसीव्हरच्या बाजूला एकच गोष्ट शोधतात, ती म्हणजे के२८.५ : ८बी/१०बी या, आठ बिटांचा बाइट दहा बिटांच्या चिन्हात बदलून पाठवणाऱ्या कोडमधले एक नियंत्रण चिन्ह. ते दिसले की लिंक जुळली असे गृहीत धरून पुढचे काम हाती घेतले जाते, आणि नंतर पॅकेटे मधूनच तुटू लागली की दोष वरच्या थरातल्या लॉजिकमध्ये शोधला जातो. प्रत्यक्षात के२८.५ दिसले याचा अर्थ दहा-दहा बिटांची सीमा सापडली, इतकाच आहे. पोलॅरिटी (जोडीतल्या दोन तारा सुलट आहेत की उलट) बरोबर आहे का, बाइट योग्य क्रमाने येत आहेत का, दोन टोकांच्या क्लॉकमधला फरक सांभाळला जात आहे का, लेन (समांतर चालणाऱ्या सिरियल वाहिन्या) एकमेकींशी जुळल्या आहेत का, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्यातून मिळत नाही. पुढे दिलेल्या बहुतेक चुका या एका गैरसमजातून निघतात.

कोणत्याही बाइटला के-फ्लॅग लावणे

१९८३ साली आयबीएमच्या विडमर आणि फ्रॅनाझेक यांनी मांडलेल्या ८बी/१०बी कोडमध्ये आठ बिटांच्या बाइटचे पाच आणि तीन असे दोन भाग पाडून त्यांची अनुक्रमे सहा आणि चार बिटांत मांडणी केली जाते. चिन्हाच्या नावात डी म्हणजे डेटा आणि के म्हणजे नियंत्रण, बिंदूआधीचा आकडा पाच बिटांच्या भागाचा आणि नंतरचा तीन बिटांच्या भागाचा. नियंत्रणासाठी त्यात फक्त १२ चिन्हे राखून ठेवलेली आहेत : के२८.० ते के२८.७ ही आठ, आणि के२३.७, के२७.७, के२९.७ व के३०.७ ही चार. स्वतःचा प्रोटोकॉल रचताना एखादा सोयीचा बाइट निवडून त्यावर के-फ्लॅग (हा बाइट नियंत्रण चिन्ह आहे असे सांगणारी बिटाची खूण) लावला, तर एन्कोडर काय बाहेर काढील याची हमी नसते. सिम्युलेशनमध्ये दोन्ही बाजूंना एकच मॉडेल असल्यामुळे असा दोष अनेकदा झाकलेला राहतो.

के-फ्लॅगकडे न पाहता नुसता बाइट तपासणे

हेक्समधला बीसी हा बाइट डी२८.५ही असू शकतो आणि के२८.५ही, दोघांना वेगळे करतो तो फक्त फ्लॅग. स्टेट मशीनमध्ये नुसत्या बीसीची तुलना लिहिली, तर साध्या डेटाने भरलेली फ्रेम एखाद्या दिवशी मध्येच संपलेली दिसेल.

तारेवरसुद्धा ही दोन चिन्हे किती जवळ आहेत, ते पाहण्यासारखे आहे. डी२८.५ची मांडणी ००१११०१०१० अशी आहे आणि रनिंग डिस्पॅरिटी (आतापर्यंत पाठवलेले एक जास्त की शून्ये जास्त, याची चालू नोंद) ऋण असताना के२८.५ची मांडणी ००१११११०१० अशी आहे. फरक फक्त सहाव्या बिटाचा. म्हणजे एक बिट उलटला की डेटाचे नियंत्रण चिन्ह होते, आणि त्या क्षणी डीकोडर कसलीही तक्रार करत नाही, कारण आलेले चिन्ह तक्त्यात आहे आणि त्या डिस्पॅरिटीला चालणारेही आहे. मात्र डी२८.५मध्ये शून्ये आणि एक सारखे असतात, तर या के२८.५मध्ये एक जास्त असतात. त्यामुळे रिसीव्हरची डिस्पॅरिटी धन होते आणि ट्रान्समीटरची ऋणच राहते. पुढे येणारी, दोन्ही डिस्पॅरिटींत सारखीच दिसणारी चिन्हे निमूटपणे निघून जातात आणि पहिले असमतोल चिन्ह आले की तिथे डिस्पॅरिटी एरर उमटतो. यातून दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. डिस्पॅरिटी एरर जिथे दिसला तिथेच बिट बिघडला असे मानू नये. त्याच्या आधीची काही चिन्हेही संशयित धरावीत. आणि एकट्या के-चिन्हावर मोठा निर्णय सोपवू नये. गिगाबिट इथरनेटच्या १०००बेस-एक्समध्ये के२८.५ एकटे कधीच येत नाही, त्याच्यामागे ठरावीक डेटा-चिन्ह असतेच, आणि ती जोडी तपासणे हाच सुरक्षित मार्ग आहे.

पोलॅरिटी बरोबर असल्याचे गृहीत धरणे

मला ही चूक सर्वांत फसवी वाटते. बोर्डावर डिफरन्शियल जोडीच्या दोन तारा अदलाबदल झाल्या तर प्रत्येक बिट उलटतो. पण प्रत्येक के-चिन्हाची धन आणि ऋण रूपे ही एकमेकांची नेमकी उलटी रूपे आहेत. ००१११११०१० उलटवले की ११०००००१०१ मिळते, आणि तेही के२८.५च. त्यामुळे तारा उलट्या असतानाही बाराच्या बारा नियंत्रण चिन्हे बरोबर ओळखली जातात, कॉमा (सीमा शोधण्यासाठीचा खास बिटक्रम) सापडतो, सीमा जुळते, आणि डेटा मात्र चुकीचा येतो. ही खूण ओळखायला शिकावे : के-चिन्हे अचूक, डिस्पॅरिटी एरर नाहीत, तरी डेटा ठरावीक पद्धतीने बदललेला. डी१०.२च्या जागी डी२१.५ येत असेल, तर शंकेला जागाच उरत नाही. पीसीआय एक्सप्रेसच्या पहिल्या दोन पिढ्यांत प्रशिक्षणाच्या संचात (लिंक जुळवताना सुरुवातीला पाठवल्या जाणाऱ्या ठरावीक चिन्हांत) डी१०.२ मुद्दाम ठेवलेले आहे, तिथे डी२१.५ दिसले की रिसीव्हर स्वतःच पोलॅरिटी उलटवून घेतो. स्वतःच्या प्रोटोकॉलमध्येही असे एखादे साक्षीदार चिन्ह ठेवावे.

कॉमाची शोधमोहीम कायम चालू ठेवणे

कॉमा म्हणजे ००११११११ किंवा ११०००००० नव्हे, तर सात बिटांचे ००१११११ किंवा ११००००० हे क्रम. डिटेक्टरचा मास्क भरताना बिटांची संख्या मोजूनच भरावी. हे क्रम के२८.१, के२८.५ आणि के२८.७ या तीनच चिन्हांत असतात आणि निर्दोष डेटात सीमा ओलांडूनही तयार होत नाहीत. अपवाद के२८.७चा. ते लागोपाठ दोनदा पाठवले, तर पाच एक आणि पाच शून्ये अशी लाट तयार होते आणि खऱ्या सीमेपासून पाच बिट सरकलेला खोटा कॉमा दिसतो. त्याच्यामागे डी३, डी११, डी१२, डी१९, डी२० किंवा डी२८ गटातले चिन्ह आले तरी हाच धोका आहे. जेईएसडी२०४बी या डेटा कन्व्हर्टरच्या सिरियल मानकात फ्रेमच्या शेवटी के२८.७ वापरले जाते. तिथे सुरुवातीची जुळणी झाल्यावरही कॉमा-जुळणी चालू ठेवली, तर चांगली चालणारी लिंक मध्येच सरकू शकते. जुळणी झाली की ती बंद करावी आणि एररची संख्या ठरावीक मर्यादेपलीकडे गेली तरच पुन्हा सुरू करावी. बिट-एररमुळे तयार झालेल्या खोट्या कॉमापासूनही त्यामुळेच बचाव होतो.

शब्दातली जागा आणि लेनची जुळणी विसरणे

दहा बिटांची सीमा सापडली तरी ३२ बिटांच्या शब्दात कॉमा चारपैकी कोणत्याही बाइटमध्ये येऊन बसू शकतो. साटा या डिस्क जोडण्याच्या मानकात अलाइन प्रिमिटिव्ह (चार चिन्हांचा नियंत्रण शब्द) म्हणजे के२८.५, डी१०.२, डी१०.२, डी२७.३ असा क्रम असतो आणि बाकीची प्रिमिटिव्ह के२८.३ने सुरू होतात, ज्यात कॉमा नसतो. म्हणून शब्दाची सीमा अलाइनवरूनच ठरवावी लागते. एकाहून अधिक लेन असतील, तर त्या जुळवण्यासाठी के२८.५ वापरू नये. ते इतक्या जवळजवळ येते की कोणते कोणाच्या जोडीचे, हे कळत नाही. झावी या १० गिगाबिट इथरनेटच्या चार लेनच्या इंटरफेसमध्ये त्यासाठी के२८.३ वेगळे राखले आहे आणि दोन के२८.३मध्ये किमान १६ स्तंभांचे (चारही लेनवर एकाच वेळी जाणाऱ्या चिन्हांचा एक स्तंभ) अंतर ठेवले आहे, ते याच कारणासाठी.

क्लॉकचा फरक भरून काढताना अर्धी जोडी काढणे

दोन टोकांची क्लॉक स्वतंत्र असतील, तर इलॅस्टिक बफरला (दोन क्लॉकमधला फरक सांभाळणाऱ्या बफरला) अधूनमधून चिन्ह काढावे किंवा घालावे लागते. पीसीआय एक्सप्रेसमध्ये प्रत्येक टोकाला ±३०० पीपीएमची (दहा लाखांत ३०० भागांची) मुभा आहे. दोन्ही टोके विरुद्ध दिशेला गेली, तर फरक ६०० पीपीएमचा होतो आणि साधारण १,६६६ चिन्हांमागे एक चिन्ह सरकते. एसकेपी संच (बफरला काढता-घालता यावीत म्हणून पाठवलेली चिन्हे) १,१८० ते १,५३८ चिन्हांच्या अंतराने पाठवण्याचा नियम या हिशेबावर उभा आहे. स्वतःच्या लिंकमध्ये हा हिशेब न करता लांबच लांब डेटा अखंड पाठवला, तर सुरुवातीला थोडा वेळ सगळे सुरळीत चालल्यासारखे वाटते आणि मग बफर ओसंडतो किंवा रिकामा होतो. ठरावीक काळाने पुन्हा पुन्हा येणारा एरर दिसला, की आधी हाच संशय घ्यावा.

गिगाबिट इथरनेटमध्ये चूक वेगळ्या जागी होते. तिथली निष्क्रिय जोडी के२८.५ आणि डी१६.२ अशी असते. बफरला नुसते के२८.५ काढायला सांगितले, तर डी१६.२ एकटे उरते आणि सम-विषम जागेचा क्रमही बिघडतो. जोडी काढायची तर पूर्ण काढावी. तिथे मुभा ±१०० पीपीएमची, म्हणजे ५,००० चिन्हांमागे एक चिन्ह. ९,००० बाइटच्या जंबो फ्रेममध्ये जवळजवळ दोन चिन्हे सरकतात आणि फ्रेमच्या मध्ये ती काढता येत नाहीत. बफरची खोली त्यानुसारच ठेवावी लागते.

स्क्रॅम्बलर आणि नवे कोड

के-चिन्हे स्क्रॅम्बल करायची नसतात, हे बहुतेकांना ठाऊक असते; पण त्या वेळी स्क्रॅम्बलरचा (डेटा ठरावीक पद्धतीने विस्कटणाऱ्या सर्किटचा) रजिस्टर पुढे सरकवायचा की नाही, हे विसरले जाते. पीसीआय एक्सप्रेसच्या पहिल्या दोन पिढ्यांत कॉमा आला की रजिस्टर मूळ स्थितीत जातो, एसकेपीला तो थांबतो आणि इतर के-चिन्हांना पुढे सरकतो. एसकेपीला थांबण्याचे कारण उघड आहे : बफर त्यांची संख्या वाटेत बदलू शकतो.

१०जीबेस-आर या १० गिगाबिट इथरनेटसारख्या ६४बी/६६बी (६४ बिटांचे ६६ बिटांत मांडणी करणाऱ्या) लिंकवर मात्र के२८.५ शोधत बसू नये. ते तिथे नाहीच. तिथे दोन बिटांचे शीर्ष असते, डेटासाठी ०१ आणि नियंत्रणासाठी १०, आणि लागोपाठ ६४ योग्य शीर्षे मिळाली की ब्लॉक लॉक झाला असे ठरते. तारेवर एकच बिट बिघडला, तरी स्वतः जुळणाऱ्या डिस्क्रॅम्बलरमुळे तो एरर एकूण तीन ठिकाणी दिसू शकतो, म्हणून ठरावीक अंतराने दिसणारे तीन एरर हे तीन वेगळे बिघाड समजून त्यांचा माग काढू नये.