बडोद्यात फ्लॅट घेताय? आधी गच्चीवर जा

दांडियाबाजार, रावपुऱ्यातला जुना वाडा विकून गोत्री नाहीतर भायलीला फ्लॅट घ्यायचा, हे आता आपल्या मराठी घरांत बरंच चाललंय. बघायला गेलं की किचनचा ओटा बघतो, देवघर कुठे बसेल ते बघतो आणि टोकन देऊन मोकळे होतो. बिल्डिंग कोण सांभाळतं हे विचारायचंच राहून जातं. टाइल्स काय, कधीपण बदलता येतात, पण चार घरं मेंटेनन्स देत नाहीत म्हणून बंद पडलेली लिफ्ट तुम्ही एकटे चालू करू शकत नाही.

म्हणून पहिले गच्चीवर जा. किल्ली मिळत नाही म्हणाले तर तिथेच समजून जा. टाकीला झाकण आहे का, आत कबुतरांची पिसं तरंगतायत का ते बघा. मग खाली येऊन टाकीच्या बाजूची बाहेरची भिंत बघा, फ्लोट व्हॉल्व्ह (टाकी भरली की पाणी बंद करणारा) तुटलेला असेल तर रोज पाणी वाहून हिरवा-काळा पट्टा पडलेला असतो, तो जितके मजले खाली आलाय तितकी वर्षं कोणी लक्ष दिलेलं नाही असं खुशाल धरा. टॉप फ्लोअर घेत असाल तर सिलिंगचे पोपडे नीट बघा, नवीन रंग फक्त एका कोपऱ्यात असेल तर जास्तच बघा. गच्ची कॉमन असेल तर तिचं वॉटरप्रूफिंग सोसायटीच्या खर्चात यायला हवं, पण खालचे म्हणतात गळतंय तुमच्याकडे, तुम्ही बघा, आणि या भांडणात दोन पावसाळे सहज जातात.

मग बेसमेंट. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री नदी चढली तेव्हा पाणी कुठपर्यंत आलं होतं हे ब्रोकरला नको, वॉचमनला विचारा. विजेचे मीटर कुठे लावलेत, पाणी काढायला पंप आहे का आणि तो चालतो का, हे पण विचारा. (मगर आली होती का हेही विचारा, विश्वामित्रीत मगरी आहेत, बडोद्यात हा जोक नाहीये.)

लिफ्टमध्ये एकदा वरपर्यंत जाऊन या. लिफ्टचं लायसन्स आणि एएमसीचा, म्हणजे वार्षिक देखभालीच्या कराराचा कागद बघायला मागा. फायरची एनओसी आणि बीयू (बिल्डिंग यूज, म्हणजे इमारत वापरायची) परमिशन पण. नोटीस बोर्डवर थकबाकीदारांची यादी असेल तर फोटो काढून ठेवा, दोन-चार नावं तर सगळीकडेच असतात पण अर्धी बिल्डिंग त्यात असेल तर पुढे जाऊ नका.

आता हिशोब. सोसायटी रजिस्टर्ड आहे का ते आधी. असेल तर वर्षाला जनरल सभा आणि ऑडिट व्हायलाच पाहिजे, गेल्या वर्षाचा ऑडिट रिपोर्ट मागा, सोसायटीचे प्रमुख "सगळं तोंडपाठ आहे" म्हणाले तर नमस्कार करून निघा. नवीन स्कीम असेल आणि अजून बिल्डरच सगळं बघत असेल तर रेरा या बांधकाम क्षेत्राच्या कायद्याप्रमाणे निम्म्याहून जास्त बुकिंग झाल्यावर 3 महिन्यांत रहिवाशांची संस्था बनवायची असते, ती कुठे अडकलीय आणि मेंटेनन्स डिपॉझिट कोणाच्या खात्यात आहे ते विचारा. स्ट्रक्चरमध्ये दोष निघाला तर पझेशनपासून 5 वर्षं जबाबदारी बिल्डरची, त्यामुळे भेगा दिसल्या की तारखेसकट फोटो काढून लेखी कळवा.

भाड्याने घेत असाल तर एवढं सगळं नको, पाणी किती वेळ येतं आणि मेंटेनन्स कोण भरणार एवढं ॲग्रीमेंटमध्ये लिहून घ्या.

आणि आधीच अशा बिल्डिंगमध्ये अडकला असाल तर व्हॉट्सॲप ग्रुपवर भांडू नका, तिथे गुड मॉर्निंगच्या खाली सगळं वाहून जातं. चार-पाच घरं मिळून पत्र द्या, कॉपीवर सही-तारीख घ्या, उत्तर नाही आलं तर सहकारी सोसायट्यांच्या जिल्हा रजिस्ट्रारकडे तक्रार. पण तिथे जायच्या आधी स्वतःचा मेंटेनन्स भरलेला ठेवा, कमिटी पहिले तेच काढते.