आमदारकीनंतर न्यायाधीश होता येतं का?

कायद्याच्या पहिल्या वर्षाची मुलं मला हमखास विचारतात, "सर, राजकारणात उतरलं की न्यायाधीश होण्याचा रस्ता बंद ना?" मग मी त्यांना व्ही. आर. कृष्ण अय्यर यांच्याबद्दल सांगतो. तलश्शेरीचे वकील, 1952 मध्ये मद्रास विधानसभेत आमदार, 1957 मध्ये केरळात नंबुद्रिपाद मंत्रिमंडळात मंत्री. कायदा, गृह आणि तुरुंग ही खाती त्यांच्याकडे होती. 1959 मध्ये सरकार बरखास्त झालं आणि ते लगेच वकिलीत परतले. 1960 ची निवडणूक 7 मतांनी हरले, तर निवडणूक याचिका लढवून ती जागा मिळवली. 1968 मध्ये केरळ उच्च न्यायालय, 1973 मध्ये सर्वोच्च न्यायालय.

तुमच्या कामाची गोष्ट म्हणजे ते वकिलीत परतणं. राज्यघटनेच्या कलम 217 नुसार उच्च न्यायालयावर न्यायाधीश म्हणून जायला उच्च न्यायालयातली किमान 10 वर्षांची वकिली किंवा तेवढीच न्यायिक पदावरची सेवा लागते. नुसत्या आमदारकीने ती भरत नाही. निवडणूक लढवायची तर जरूर लढवा, पण वकिली सुटू देऊ नका.

आमदारकी न्यायासनावर काय देऊन जाते, हे मला फार उशिरा कळलं. सनद मिळून दोन वर्षं झाली होती. चोरीच्या आरोपातल्या माझ्या एका पक्षकाराला जामीन मंजूर झाला, पण सुटका होईना. त्याचा चुलतभाऊ जामीन राहायला रात्रभर एसटीने आला होता, सातबारा प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून. जमीन दुसऱ्या जिल्ह्यातली म्हणून तो नाकारला गेला.

माझ्या सीनियरनी मोतीराम खटल्याचा 1978 चा निकाल हातात ठेवला. मध्य प्रदेशातला गवंडी, 10,000 रुपयांचा जामीन, आणि मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून नाकारलेला भाऊ. कृष्ण अय्यर यांनी त्याला 1,000 रुपयांच्या जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय स्वतःच्याच हमीवर, सोडायला सांगितलं. 1948 मध्ये ते स्वतः महिनाभर तुरुंगात होते, पुढे तेच खातं त्यांनी सांभाळलं. अडकलेल्या माणसाला बाहेर कोण आणि कसं सोडवणार, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. निकाल वाचताना ते ओळीओळीत जाणवतं.

दुसऱ्या दिवशी मी तोच निकाल कोर्टापुढे ठेवला. जामीनदार मान्य झाला. सातबारा परत पिशवीत घालताना त्या चुलतभावाने विचारलं, "आता शेवटची गाडी मिळेल का, साहेब?"