किनाऱ्यावर तग धरतील अशी सुरूची रोपे कशी तयार करावीत

हातभर उंच, हिरवीगार सुरूच्या झाडाची रोपे जूनमध्ये वाळूत लावली की पहिल्याच खाऱ्या वाऱ्यात शेंडे करपतात. सावली, रोजचे पाणी आणि युरिया यांवर वाढलेले खोड कोवळेच राहते. म्हणून लावणीआधीचे सहा आठवडे रोपे काटक करण्यासाठी राखून ठेवा. थंड मुलखात पाइनच्या रोपांचे नत्र हिवाळ्याआधी कमी करतात, काही ठिकाणी काळ्या कापडाने झाकून दिवसही लहान करतात. मग शेंडा वाढायचा थांबतो आणि रोप हळूहळू थंडी सोसू लागते. सुरू दिसते पाइनसारखी सूचिपर्णी, कुळाने तशी नाही, आणि कोकणात सोसायचे ते ऊन, वारा नि मीठ. क्रम मात्र तोच, आधी वाढ आवरायची, मग ताण द्यायचा.

पेरणी डिसेंबरात वाफ्यावर करा. बी फार बारीक असते. वाफ्याभोवती मुंग्यांचा बंदोबस्त नसेल तर त्याच ते उचलून नेतात. रोपे 10 सेंमी झाली की पिशव्यांत हलवा. दोन भाग वाळू, एक भाग माती, एक भाग कुजलेले शेणखत, आणि जुन्या सुरूखालची थोडी माती. त्या मातीतल्या फ्रँकिया जिवाणूंमुळे मुळांवर गाठी धरतात व हवेतले नत्र रोपाला मिळते.

मे लागताच युरिया आणि शेणाची स्लरी बंद. 10 लिटर पाण्यात 20 ग्रॅम सल्फेट ऑफ पोटॅश विरघळवून दर पिशवीला अर्धा कप, पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा. पिशव्या उचलून खाली जमिनीत घुसलेली मुळे कात्रीने कापा आणि रोपे चार दिवस सावलीतच ठेवा. मुळे कापणे आणि सावलीची जाळी काढणे एकाच दिवशी केले तर रोपे हमखास सुकतात. त्यानंतर आठवडाभर सकाळी दहापर्यंत ऊन, मग दुपारपर्यंत, मग दिवसभर. पिशव्यांत वीतभर अंतर ठेवा. वाऱ्याने हलणारे खोड बुंध्याशी जाड होते, दाटीतले नुसते लांबते.

पाणी रोजचे एक दिवसाआड करा, जमल्यास दोन दिवसांआड. पिशवी उचलून वजन पाहा. दुपारी शेंडा मान टाकतो, ते चालते. सकाळीही मान खालीच असेल तर लगेच भरपूर पाणी द्या. सवय लागावी म्हणून समुद्राचे पाणी घालू नका. पाऊस नसताना मीठ पिशवीतच साचते आणि मुळे जळतात.

तयार रोप गुडघ्याच्या आतच असते, बुंधा तपकिरी, वाकवून सोडले की सरळ होणारे. पाऊस नीट बसला की भरतीरेषेच्या बऱ्याच मागे 30 सेंमीच्या खड्ड्यात लावा, गोल फिरलेली मुळे कापून. वेळास, आंजर्ल्यासारख्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात. तिथे पुळणीचा उघडा पट्टा त्यांना सोडा, सुरू त्याच्या मागेच.