रातांब्याच्या बियांपासून मुठेल

आमसुलं वाळली, आगळ म्हणजे मीठ घातलेला रस बाटल्यांत भरला की परसात रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या फळाच्या, बियांचा ढीग उरतो. तो उकिरड्यावर टाकू नका. टाचांच्या भेगा, फुटलेले ओठ आणि लावणीच्या चिखलाने कातरलेले पाय, या सगळ्यांवर कोकणात लावतात ते मुठेल, म्हणजे कोकमाचं घट्ट तेल, याच बियांतून निघतं.

आगळाच्या बिया मिठाच्या असतात, म्हणून आधी दोन-तीन पाण्यांनी धुवा. मग राखेत चोळा, म्हणजे बुळबुळीत गर सुटतो. गर राहिला तर बुरशी धरते आणि तेल काळपट, खवट निघतं. कडक उन्हात आठ-दहा दिवस वाळवा. बी कानाशी हलवून बघा, आतला गर खुळखुळला की वाळली. हे काम मे महिन्यातच उरका, पहिल्या सरीनंतर बी पुरती वाळत नाही.

वाळलेल्या बिया हलक्या हाताने ठेचून, सुपात पाखडून टरफलं काढा. आतला गर उखळात रव्यासारखा बारीक कुटा. जाडसर राहिला तर निम्मं तेल चोथ्यातच अडकतं.

1 किलो कुटाला 3 लिटर पाणी घालून टोप मंद आचेवर ठेवा. तासभर रटरटू द्या, अधूनमधून तळापासून ढवळा. मोठ्या जाळावर कूट तळाला लागतो आणि तो करपट वास पुढे कशानेही जात नाही. खाली उतरवून रात्रभर हलवू नका. सकाळी वर पिवळट-पांढरा थर घट्ट धरलेला असतो, तो अलगद काढा.

खरी चूक होते ती इथे. थर गोठलेला दिसला तरी त्यात पाणी असतं आणि पाण्यानेच मुठेल बिघडतं. म्हणून थर कढईत मंद आचेवर पुन्हा वितळवा. आधी तडतड ऐकू येते. ती पूर्ण थांबली, बुडबुडे निवले की पाणी उडालं. फडक्यातून गाळा. कोमट, लोण्यासारखं झालं की मुठीत दाबून गोळे वळा. बोटांचे ठसे उमटतात, नावही त्या मुठीवरूनच. बीच्या वजनाच्या साधारण चौथा हिस्सा तेल असतं, पण घरच्या पद्धतीने ते सगळं हाती लागत नाही.

मुठेल 40 अंशांच्या आसपास वितळतं, त्यामुळे गोळा नुसता घासून भेगेत शिरत नाही. रात्री पाय कोमट पाण्यात दहा मिनिटं बुडवून पुसा, नखाएवढा तुकडा पळीत वितळवा, बोटाला सोसेल इतकं निवलं की भेगेत भरा आणि सुती मोजे घाला. ओठांसाठी 1 चमचा किसलेलं मुठेल 2 चमचे खोबरेल तेलात वितळवून डबीत ओता. उन्हाळ्यात ते पातळ होतं, तेव्हा दोन्ही सारखं घ्या. तेलकट, पुटकुळ्यांच्या चेहऱ्यावर मात्र नको. भेगेतून रक्त-पू येत असेल किंवा मधुमेह असेल तर घरी उपाय करत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

गोळे कोरड्या काचेच्या बरणीत ठेवा आणि ओल्या हाताने काढू नका. टोपात उरलेला चोथा माडाच्या आळ्यात घाला.