साधना केंद्राच्या आवारात चिंतनाच्या जागा कशा कराव्यात

साधना केंद्रासाठी जमीन मिळाली की बहुतेक विश्वस्त मंडळे आधी सभागृहाचा, मग निवासाच्या खोल्यांचा आणि भोजनगृहाचा नकाशा काढतात. बाहेरच्या जागेचा विचार इमारती उभ्या राहिल्यावर, उरलेल्या कोपऱ्यांत चार बाकडी टाकण्यापुरताच होतो. इंदूरजवळच्या एका लहान केंद्रात बरीच वर्षे सेवा केल्यानंतर माझे आग्रहाचे सांगणे असे की हा क्रम उलटा करावा. साधक सभागृहात जे ऐकतो ते त्याच्या मनात मुरते ते बाहेर, झाडाखाली किंवा पायवाटेवर एकटा असताना, आणि ती जागा चुकली तर तो खोलीत जाऊन आडवा होतो.

नकाशाच्या आधी सावली मोजावी. इंदुरात जूनमध्ये सूर्य पावणेसहाच्या सुमारास उगवतो, तर जानेवारीत सात वाजून गेल्यावर. म्हणजे साडेपाचची बैठक उन्हाळ्यात उजाडताना होते आणि थंडीत मिट्ट काळोखात. कर्कवृत्त जवळच असल्यामुळे जूनमध्ये भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो आणि भिंतीची सावली नाहीशी होते, उलट डिसेंबरात त्याच वेळी माणसाची सावली त्याच्या उंचीइतकी लांब उत्तरेला पडते. म्हणून डिसेंबर, मार्च आणि मे या तिन्ही महिन्यांत बैठकींच्या ठरलेल्या वेळी जमिनीवर चुन्याने सावलीच्या कडा आखाव्यात आणि त्यांची नोंद कागदावर उतरवून ठेवावी. सकाळची, दुपारची आणि संध्याकाळची जागा वेगवेगळी असते हे त्या रेघा पाहिल्यावर कोणालाही पटते.

आमच्याकडे ही मोजणी झाली नव्हती. सूर्यास्त दिसावा म्हणून आवाराच्या पश्चिम कडेला काळ्या दगडाचा प्रशस्त ओटा बांधला गेला. मे महिन्यात संध्याकाळी सातच्या बैठकीला एक वयस्कर काकू सतरंजीची दुहेरी घडी घालून त्यावर बसल्या आणि पाच मिनिटांत उठल्या. मी तळहात टेकवून पाहिला तर दगड अजून चटका देत होता. माळव्यातील रात्र थंड होते हे खरे, पण दिवसभर तापलेला दगड निवायला वेळ घेतो. शिवाय मेमध्ये सूर्य नेमक्या पश्चिमेला मावळत नाही, तो उत्तरेकडे बराच सरकलेला असतो, त्यामुळे ओट्याच्या बरोबर पश्चिमेस लावलेल्या झाडाचाही उपयोग झाला नाही. संध्याकाळची जागा करायची असेल तर पश्चिम आणि वायव्य या दोन्ही बाजूंना कडुनिंब किंवा करंज लावून दुपारी दोनपासून सावली पडेल अशी व्यवस्था करावी. कडुनिंबाची पानगळ उन्हाळ्याच्या तोंडाशी होते आणि खरा ताप सुरू होईपर्यंत त्याला नवी पालवी फुटलेली असते, ही त्याची मोठी सोय आहे. बसण्याच्या पृष्ठभागासाठी दगडापेक्षा माती, विटा किंवा लाकडी फळ्या बऱ्या.

इथल्या काळ्या मातीचा स्वभाव ओळखल्याशिवाय काहीही बांधू नये. पावसात ती फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला बोट जाईल एवढ्या भेगा पडतात, त्यामुळे तिच्यावर थेट घातलेली फरशी दोन वर्षांत वाकडी होते. ओटा किंवा पायवाट जिथे हवी तिथली काळी माती दोन ते तीन फूट काढून मुरमाचे थर द्यावेत, प्रत्येक थरावर पाणी मारून धुम्मसाने ठोकावे आणि पाणी बाहेर जाईल असा हलका उतार ठेवावा.

काढलेली माती फेकू नये, कारण आवाज अडवायला तिच्याइतके उपयोगी दुसरे काही नाही. रस्त्याच्या कडेला झाडांची एक रांग लावली की गाड्यांचा आवाज थांबेल असे अनेकांना वाटते, पण एकेरी रांग दृष्टी अडवते, ध्वनी फारसा अडवत नाही. त्या मातीचा माणसापेक्षा उंच बांध घालावा आणि त्यावर गवत व झुडपे धरू द्यावीत. बसलेल्या माणसाला रस्ता दिसता कामा नये, ही साधी कसोटी पुरते. मात्र निःशब्दतेचा अतिरेकही नको. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात योगाभ्यासाच्या जागेचे जे वर्णन आहे, त्यात शांततेबरोबर अधूनमधून येणाऱ्या कोकिळेला आणि मोरालाही मोकळीक दिली आहे. पक्ष्यांसाठी उथळ पसरट भांड्यात पाणी ठेवावे आणि ते रोज बदलावे, म्हणजे डास होणार नाहीत. मोटरवर चालणारे कारंजे मी सुचवणार नाही, त्याचा एकसुरी आवाज बसणाऱ्याला थोड्याच वेळात खुपू लागतो.

जुने वड-पिंपळ आवारात असतील तर ते भाग्य समजावे, पण त्यांचा पार बांधताना सिमेंट खोडापर्यंत नेऊ नये. खोडाभोवती निदान एक मीटर माती उघडी ठेवावी आणि पार सुट्या दगडांचा रचावा, म्हणजे मुळांना पाणी व हवा मिळत राहते. या झाडांची फळे पिकली की पक्ष्यांची झुंबड उडते आणि खाली बसणे अशक्य होते, तेव्हा त्या दिवसांसाठी दुसरी जागा हाताशी असावी. उंच फांद्यांवर आग्या मोहोळ आहे का, हे शिबिराआधी प्रत्येक वेळी पाहावे. असेल तर ती जागा दोरी बांधून बंद करावी. नव्याने लावायचे असेल तर बकुळ उत्तम, फक्त ती सावकाश वाढते. पहाटेच्या वाटेवर पारिजातक लावावा. सप्तपर्णी टाळावी, कारण तिच्या फुलांच्या दिवसांत संध्याकाळी उग्र दर्पाने अनेकांचे डोके दुखते.

चंक्रमणाची, म्हणजे सावकाश चालत ध्यान करण्याची, वाट सरळ आणि छोटी असावी, पंचवीस-तीस पावलांची, एका वेळी एकाच माणसाने चालायची. फिरायला येणाऱ्यांचा लांब रस्ता वेगळा ठेवावा, नाहीतर चिंतनात असलेल्या माणसाला दर मिनिटाला कोणाला तरी वाट द्यावी लागते. अनवाणी चालणाऱ्यांसाठी उभ्या विटांची किंवा ठोकलेल्या मुरमाची वाट सुखद होते. इथे सर्रास वापरली जाणारी कोटा फरशी बाहेर घालायचीच असेल तर खडबडीत घालावी, कारण गुळगुळीत कोट्यावर पावसात शेवाळ धरले की घसरून पडणे ठरलेले.

पावसाळ्यासाठी निदान एक मंडप हवा, चारही बाजूंनी उघडा आणि कौलारू. पत्र्याखाली मुसळधार पावसात स्वतःचा श्वासही ऐकू येत नाही, तर कौलांवरचा पाऊस सोबत करतो. पाऊस बहुधा नैर्ऋत्येकडून तिरका येतो, म्हणून त्या बाजूची पागोळी तीन फूट पुढे काढावी. दिवे गुडघ्याच्या उंचीचे, पिवळसर आणि खाली प्रकाश टाकणारे ठेवावेत. पांढऱ्या दिव्यांभोवती पहिल्या पावसानंतर पंखवाल्या वाळवीचे थवे जमतात. बैठकीच्या आसपास गवत कापलेले असावे, दगड-विटांचे ढीग असू नयेत आणि रात्री बाहेर बसणाऱ्याने विजेरी जवळ ठेवावी, कारण नाग, मण्यार आणि घोणस हे तिन्ही या भागात आढळतात.

आसन फार उंच वा फार सखल नसावे असे गीतेत सांगितले आहे. ते जमिनीवर बसणाऱ्याबद्दल आहे. ज्यांचे गुडघे वाकत नाहीत अशांसाठी दर जागी पाठ टेकायची, दीड फूट उंचीची एक-दोन आसने असावीत, आणि चाकाच्या खुर्चीसाठी बारा फुटांना एक फुटापेक्षा जास्त चढ देऊ नये.

एवढी तयारी झाली तरी पहिले वर्षभर आसने पक्की करू नयेत. हलके पाट आणि चटया ठेवाव्यात, त्या हव्या तिथे नेण्याची साधकांना मोकळीक द्यावी, आणि प्रत्येक शिबिर संपल्यावर त्या कुठे सोडल्या आहेत, गवत कुठे दबले आहे, माणसांनी स्वतःहून पाऊलवाट कुठे पाडली आहे, हे नकाशावर टिपून घ्यावे. दगड आणायला गाडी सांगायची ती त्यानंतर.