खाज कुठे, कधी आणि घरात आणखी कुणाला?

मेडिकलमधून ट्यूब आणण्याआधी तीन गोष्टी पाहा: खाज नेमकी कुठे येते, कोणत्या वेळी वाढते आणि घरात आणखी कुणी खाजवतंय का. बहुतेक वेळा एवढ्यावरच कारणाचा माग लागतो.

रात्री अंथरुणात पडलं की खाज उसळते, बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, बेंबीभोवती बारीक पुटकुळ्या येतात आणि काही दिवसांनी खोलीतला दुसराही खाजवू लागतो, तर ती खरूज समजा. होस्टेलमध्ये आणि कॉट बेसिसच्या खोल्यांत ती झपाट्याने पसरते. पहिल्यांदाच झालेल्या माणसाला लक्षणं दिसायला चार ते सहा आठवडे लागतात, म्हणून खाज नसलेल्यांनीही त्याच रात्री औषध लावायचं असतं. डॉक्टर सहसा परमेथ्रिन ५ टक्के क्रीम देतात. ते मानेपासून तळपायापर्यंत, नखांखालीसुद्धा लावून ८ ते १४ तासांनी धुवायचं आणि आठवड्याने पुन्हा लावायचं. तान्ही मुलं आणि गरोदर बायकांसाठी आधी डॉक्टरांना विचारा. फसतं ते असं की, खाजतं तेवढ्याच जागी मलम लागतं, किंवा हात धुतल्यावर बोटांना परत लावायचं राहून जातं. चादरी-कपडे कढत पाण्यात धुवा. जे धुता येत नाही ते पिशवीत तोंड बांधून आठवडाभर बाजूला ठेवा. खरुजेचे किडे मेल्यावरही दोन ते चार आठवडे खाज राहू शकते. औषध लागू पडलं नाही असं समजून ते रोज चोपडू नका.

जांघेत, कमरेला किंवा काखेत गोल चट्टा, कडा उंच आणि पापुद्र्याची, मधला भाग त्यामानाने साफ, तर गजकर्ण. पावसाळ्यात भिजलेली जीन्स तशीच अंगावर ठेवून ऑफिसात बसणाऱ्यांना हे हमखास. इथे सगळ्यात मोठं नुकसान करतात त्या स्टेरॉइड मिसळलेल्या ट्यूबा. पाकिटावर क्लोबेटासोल, बेक्लोमेथासोन असं काही दिसलं तर ती स्वतःच्या मनाने लावू नका. दोन दिवसांत लाली ओसरते, आत बुरशी वाढत राहते आणि ट्यूब थांबवली की चट्टा आणखी मोठा होऊन परत येतो. शिवाय कडा पुसट झाल्याने डॉक्टरांनाही ओळखणं अवघड जातं. साधं बुरशीनाशक मलम कडेच्या दोन सेंटिमीटर बाहेरपर्यंत लावा आणि चट्टा गेल्यावरही दोन आठवडे चालू ठेवा.

चेहरा, पापण्या, मान, कोपराच्या खळ्या, म्हणजे उघड्या भागावरच खाज आणि जाड होत चाललेली त्वचा? टेकडीवर फिरायला जाता का, किंवा घराशेजारी मोकळा प्लॉट आहे का, ते पाहा. कारण गाजरगवत असू शकतं. त्याची भारतातली पहिली ठळक नोंद १९५० च्या दशकात पुण्यातच झाली, आणि अजूनही पावसाळ्यात रस्त्याकडेला ते माजतं. वाळलेल्या पानाफुलांची धूळही पुरते, त्यामुळे हात न लावताही त्रास होतो. उपटायचं तर फुलं येण्याआधी, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घालूनच; ज्याला त्रास आहे त्याने मात्र नाहीच.

टिकलीखाली, जीन्सच्या बटणामागे, खोट्या दागिन्यांखाली किंवा केसांना कलप लावल्यावर कानामागे खाज आली, तर कारण तिथेच आहे.

अंगावर खाजऱ्या गांधी उठल्या तर बॉलपेनने एकीची कड आखून ठेवा. २४ तासांत ती जागा रिकामी झाली आणि दुसरीकडे उठली, तर ते पित्त. आमसुलाचं पाणी लावून थंड वाटेल, पण आदल्या दिवशी कोणती गोळी घेतली, काय खाल्लं हे आठवणं जास्त उपयोगी. ओठ-जीभ सुजली किंवा दम लागला तर थेट १०८.

डिसेंबर-जानेवारीत फक्त नडग्या खाजत असतील, तर दोष बहुधा गीझरच्या कढत पाण्याचा. कोमट पाण्याने दहा मिनिटांत अंघोळ उरका, अंग ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावा आणि उटणं दिवाळीपुरतं ठेवा.

पुरळ काहीच नाही आणि सहा आठवडे अंगभर खाज, तर यकृत, मूत्रपिंड, थायरॉइड, साखर आणि हिमोग्लोबिनची तपासणी करून घ्या. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत तळहात-तळपाय खाजू लागले, विशेषतः रात्री, तर त्याच दिवशी प्रसूतितज्ज्ञांना दाखवा; यकृतातला पित्तरस अडल्याने असं होऊ शकतं आणि त्याचा धोका बाळाला असतो.